या चुका टाळा: नागपुरातल्या घरासाठी वॉशिंग मशीन आणि ड्रायर निवडताना

सीताबर्डीतल्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या मोठ्या दुकानात ओळीने मांडलेली वॉशिंग मशिने पाहताना ग्राहकाचे लक्ष साहजिकच किलोंचा आकडा, स्टारचे लेबल, प्रोग्रॅमची यादी आणि सवलतीची पाटी यांच्याकडे जाते. मशीन घरी आल्यानंतर ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांचा या चार गोष्टींशी फारसा संबंध नसतो. पाणी भरायला फार वेळ लागतो, कपड्यांवर पांढरट थर राहतो, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात कपडे दमटच राहतात. या सगळ्यांचे मूळ बहुधा घरातले पाणी, नळाचा दाब, विजेची जोडणी आणि मशीन ठेवण्याची जागा यांत सापडते. त्यामुळे दुकानात जाण्याआधी या चार गोष्टी तपासून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

पाण्याची चौकशी न करणे

नागपूर शहराला मुख्यतः पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. महापालिकेच्या नळाचे पाणी वापरणाऱ्यांना पाण्याच्या जडपणाचा त्रास तुलनेने कमी होतो. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर यांसारख्या शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांत मात्र बोअरच्या पाण्यावर चालणारी घरे बरीच आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणीही त्याच टाकीत पडते. आपले पाणी जड आहे की नाही, हे ओळखायला नागपूरकरांना वेगळे साधन लागत नाही: मे महिन्याच्या अखेरीस कूलरच्या ताट्यांवर आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला पांढरा खडबडीत थर साचत असेल, तर तोच थर उद्या मशीनच्या हीटरवर आणि ड्रमच्या मागच्या बाजूला साचणार आहे, असे समजावे.

नेमका आकडा हवा असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ती ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. पिण्यासाठी चालवून घेतलेले हे पाणी मशीनला मानवतेच असे नाही. घरोघरी वापरला जाणारा टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, म्हणजेच जडपणा किती, हे तो वेगळे दाखवत नाही. केवळ टीडीएस पाहून निर्णय घेणे चुकीचे ठरते ते यामुळेच.

जड पाण्यात डिटर्जंटचा बराचसा भाग क्षारांशीच झुंजण्यात खर्च होतो. कपडे कडक आणि करडे दिसू लागतात, मग घरातली मंडळी पावडर वाढवतात आणि न विरघळलेली पावडर कपड्यांवरच राहते. यावर दुकानदार अनेकदा नळाला लावायचे छोटे फिल्टर सुचवतात. त्यांतले बहुतेक फॉस्फेटचे असतात. ते थर घट्ट बसू देत नाहीत, पण पाण्यातला जडपणा काढून टाकत नाहीत. जडपणा खरोखर कमी करायचा असेल तर मिठाने पुन्हा कार्यक्षम होणारा सॉफ्टनर लागतो आणि तो संपूर्ण घरासाठी बसवणे अधिक व्यवहार्य ठरते. तेवढा खर्च शक्य नसेल तर मधूनमधून डिस्केलिंग पावडर (साचलेला थर काढणारी) घालून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवावे. हीटर नसलेल्या मशीनमध्ये कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच हे करावे.

टाकीची उंची न मोजणे

ही चूक वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सर्वाधिक महागात पडते. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला, विशेषतः समोरून दार असलेल्या फ्रंट लोडला, आत पाणी घेण्यासाठी ठरावीक किमान दाब लागतो. माहितीपुस्तिकेत तो बहुधा ०.३ किंवा ०.५ बार, किंवा मेगापास्कलमध्ये ०.०३ किंवा ०.०५ असा दिलेला असतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ साधारण १ बार दाब देतो, त्यामुळे ०.३ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा किमान ३ मीटर उंच हवी. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात नळ जमिनीपासून सुमारे १ मीटरवर, छत ३ मीटरवर आणि टाकी छतावरच्या छोट्या कट्ट्यावर असेल, तर हे गणित जेमतेम जुळते. पाइपातली वळणे आणि अर्धी रिकामी टाकी धरली तर तेही जुळत नाही. उन्हाळ्यात कूलर भरण्यासाठी त्याच टाकीतून दिवसभर पाणी ओढले जाते, तेव्हा पातळी आणखी खाली जाते आणि मशीन पाणी भरण्याचा दोष दाखवून थांबते. मग मशीनच खराब निघाले, असा समज होतो.

खरेदीपूर्वी मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली भरून पाहावी. ती भरायला २ मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर विक्रेत्याला किमान दाबाचा आकडा स्पष्ट विचारावा. टाकीचा कट्टा उंच करणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे हे यावरचे उपाय आहेत. ते शक्य नसतील तर पाणी बादलीने भरता येणारे सेमी ऑटोमॅटिक मशीन घेण्यात काहीही कमीपणा नाही. एरवी नीट चालणारे मशीन अचानक हळू भरू लागले तर आधी नळ बंद करून पाइप काढावा आणि मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी धुवावी. टाकी साफ केल्यानंतर किंवा पहिल्या पावसानंतर गाळाने ही जाळी हमखास तुंबते.

उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी कडक गरम असते. त्या वेळी थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावूनही कपडे गरम पाण्यातच धुतले जातात, कारण मशीन पाणी तापवू शकते, थंड करू शकत नाही. रंग जाणारी साडी, लोकर आणि रेशीम यांसाठी मे महिन्यात पहाटेची वेळ ठेवावी.

ड्रायर हवा का, आणि हवा तर कोणता

माझे मत स्पष्ट आहे: गच्ची किंवा मोकळी गॅलरी असलेल्या नागपुरी घराला वेगळ्या ड्रायरची गरज बहुधा नसते. ऑक्टोबर ते मे या काळात इथली हवा इतकी कोरडी असते की कपडे अर्ध्या दिवसात वाळतात, आणि मे महिन्यात तर तासाभरातही. प्रश्न पावसाळ्याच्या तीन-साडेतीन महिन्यांचा असतो. घरात तान्हे बाळ आहे, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आहे, किंवा फ्लॅटला दोरी बांधायलाही जागा नाही, तर मात्र ड्रायर ही चैन राहत नाही. इतरांनी मशीन निवडताना पिळण्याच्या वेगाकडे पाहावे. मिनिटाला १२०० किंवा १४०० फेरे घेणारे फ्रंट लोड मशीन कपड्यांतले पाणी इतके काढते की छताच्या पंख्याखालीही ते रात्रभरात वाळण्याच्या बेताला येतात. वरून झाकण असलेल्या टॉप लोडचा वेग बहुधा ७०० च्या आसपास असतो आणि पावसाळ्यात हा फरक हाताला जाणवतो.

सेमी ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबाला विक्रेते ड्रायर म्हणतात, पण तो कपडे केवळ पिळतो. त्यातून बाहेर आलेले कपडे दोरीवर घालावेच लागतात.

उष्णतेने वाळवणारे ड्रायर तीन प्रकारचे असतात. व्हेंटेड ड्रायर दमट हवा जाड नळीने बाहेर सोडतो. त्याला भिंतीतून किंवा खिडकीतून वाट लागते. अशी वाट न काढता तो बंद वॉश एरियात ठेवला तर भिंतींना बुरशी येते. कंडेन्सर ड्रायर वाफेचे पाणी करून टाकीत साठवतो, पण खोली तापवतो आणि वीज खूप घेतो. ८ किलोच्या पूर्ण घाण्याला साधारण साडेचार युनिट धरावेत. वाळवण्याची उष्णता पुन्हा वापरणारा हीट पंप ड्रायर तेच काम सुमारे २ युनिटांत करतो, कमी तापमानात करतो, म्हणून कपडेही टिकतात. वेळ मात्र जास्त घेतो आणि किंमतही अधिक असते. महिन्याला २० घाणे धरले तर एकीकडे ९० युनिट आणि दुसरीकडे ४० युनिट होतात. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढतात, म्हणून हा फरक बिलात दुहेरी दिसतो. हीट पंपासाठी बऱ्याच कंपन्या भोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश असावे असे सांगतात. मे महिन्यात ते इथे शक्य नाही, पण त्या दिवसांत ड्रायर लागतही नाही, आणि पावसाळ्यातले आपले तापमान बहुतेक दिवस या मर्यादेत बसते.

एकाच पेटीत धुऊन वाळवणारे वॉशर-ड्रायर लहान फ्लॅटमध्ये आकर्षक वाटते. ते घेताना दोन आकडे पाहावेत: ८ किलो धुणाऱ्या मशीनची वाळवण्याची क्षमता पुष्कळदा ५ किलोच असते. पूर्ण घाणा धुऊन तसाच वाळवायला लावला की कपडे चुरगळलेले आणि दमट बाहेर येतात आणि तक्रार मशीनवर जाते. अर्धे कपडे काढून दोरीवर घालणे हाच त्यावरचा उपाय आहे. शिवाय यांतली अनेक मॉडेले वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात. टाकीचे पाणी जितके गरम, तितके वाळवणे लांबते आणि पाण्याचा खर्चही वाढतो. बोअर आटणाऱ्या वस्तीत हा खर्च आधी विचारात घ्यावा.

ड्रायर घेतलाच तर तो फ्रंट लोडच्या जोडीनेच घ्यावा. टॉप लोडमधून ओले निघालेले कपडे वाळवताना ड्रायरचा वेळ आणि वीज दोन्ही वाया जातात. एकावर एक ठेवायचे असेल तर मशीन खाली, ड्रायर वर, आणि मध्ये त्या मॉडेलसाठीचाच स्टँड हवा. कपडे वाळायला हळूहळू जास्त वेळ लागू लागला तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्याआधी लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांतून निघणारे तंतू अडवणारी जाळी, पाहावा. तो प्रत्येक घाण्यानंतर साफ करायचा असतो, आणि तुंबलेला फिल्टर आगीलाही कारण ठरू शकतो.

विजेची जोडणी गृहीत धरणे

हीटर असलेले मशीन किंवा ड्रायर २००० वॅटच्या आसपास वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर तो कधीही लावू नये, आणि मशीन व ड्रायर एकाच प्लगवरून तर मुळीच चालवू नयेत. मशीनला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन ताबडतोब बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. इथल्या कडक उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती पार सुकते आणि अर्थिंग कमकुवत होते. जुन्या घरांत तर खड्डा कुठे आहे हेही कुणाला आठवत नाही. तो शोधून उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे.

जागा आणि बसवणी

पश्चिमेच्या उन्हात गॅलरीत ठेवलेल्या मशीनचे प्लास्टिक आणि रबर लवकर कडक होते, आणि कव्हर घातले तरी आतले सर्किट तापतेच. सावलीची, पाऊस न झिरपणारी जागा निवडावी. खालून उंदीर शिरून वायरी कुरतडू नयेत म्हणून तळाला जाळी किंवा पत्रा बसवून मिळतो का, हे विचारावे.

फ्रंट लोड पहिल्याच दिवशी जमिनीवरून सरकू लागले, तर ड्रम आवळून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले आहेत का, हे सर्वप्रथम पाहावे. ते काढलेले असतील तर चारही पाय समतल करावेत. पाणी भरत राहते, पण ड्रममध्ये थांबत नाही, ही तक्रार जुन्या पद्धतीच्या मोरी असलेल्या घरांत विशेष ऐकू येते. निचऱ्याची नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडली की पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाते. ती नळी जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंचीपर्यंत नेऊन मग खाली वळवावी, आणि निचऱ्याच्या पाइपात फार खोल खुपसू नये. फेस दाराबाहेर येणे किंवा खळबळणे वारंवार लांबणे यांचे कारण बहुधा बादलीत धुण्याची पावडर असते. फ्रंट लोडला कमी फेसाचेच डिटर्जंट लागते.

क्षमतेबद्दल थोडक्यात सांगायचे तर किलोंचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. चार माणसांच्या घराला ७ ते ८ किलो पुरते. जाड चादरी आणि थंडीतल्या दुलया घरीच धुवायच्या असतील तर ८ च्या खाली जाऊ नये.

वॉरंटीचा कागद न वाचणे

ठळक अक्षरांतली १० वर्षांची वॉरंटी बहुधा फक्त मोटरची असते. विजेच्या चढ-उताराने आधी बिघडतो तो सर्किट बोर्ड, आणि त्याची वॉरंटी किती वर्षांची आहे हे वेगळे विचारावे लागते. दाराचे रबर आणि प्लास्टिकचे भाग तर पुष्कळदा वॉरंटीत येतच नाहीत. त्या मॉडेलचा सर्किट बोर्ड नागपुरातल्या सेवा केंद्रात मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, हे पैसे भरण्यापूर्वी सेवा केंद्राला फोन करूनच विचारावे. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि बसवणारा माणूस जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच एक पूर्ण घाणा चालवून पाणी भरणे, पिळणे आणि निचरा तिन्ही पाहून घ्यावेत.