जुना हेडटॉर्च की नवा? घरीच कस लावा

कपाटात तीन ट्रिपल-ए सेलचा हेडटॉर्च धडधाकट असताना चार्जिंगचा नवा घ्यावा का? खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचा आकडा, वाचून हे ठरवू नका. दोन्ही समोरासमोर लावले की एका रात्रीत उत्तर मिळतं. नवा हाताशी नसेल तर ट्रेकच्या ग्रुपमधल्या कुणाचा तरी मागून आणा.

१. आधी जुना उघडा. सेलच्या खाचेत पांढरी पूड दिसली तर सेल गळलाय. कानकाडीला लिंबाचा रस लावून पत्र्या पुसा, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. पट्टाही ताणून बघा. सैल पट्ट्याचा दिवा उतारावर नाकावर येतो.

२. जुन्यात ताजे सेल घाला, नवा पूर्ण चार्ज करा. नव्याला यूएसबी-सी असेल तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो चार्ज होतो का, हेही तपासा. स्वस्त दिव्यांत त्यासाठी लागणारे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. मग नेमकी तीच केबल घरी राहिली की संपलं.

३. खोली अंधारी करा. फोनवर लक्समीटरचं, म्हणजे पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं ॲप घ्या, फोन भिंतीला टेकवा आणि १ मीटरवरून झोताचा मध्य स्क्रीनच्या वरच्या बाजूच्या सेन्सरवर धरा. ३० सेकंद, १० मिनिटं, १ तास आणि पुढे दर तासाला आकडा लिहा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. लक्स चौपट आले तर झोत दुप्पट लांब पोचतो, चौपट नव्हे.

खरा फरक या वहीतच दिसेल. साध्या सर्किटच्या जुन्या दिव्यात सेलचा व्होल्टेज उतरतो तसा उजेडही पहिल्या तासापासून उतरत जातो. पण तो मिणमिणत का होईना, बराच वेळ साथ देतो. नवा टर्बोवर, म्हणजे सर्वात प्रखर मोडवर, काही मिनिटांतच खाली येतो. एलईडी तापते म्हणून सर्किट ते मुद्दाम करतं, हा बिघाड नाही. त्यानंतर चांगल्या दिव्याचा उजेड स्थिर राहतो आणि शेवटी पटकन जातो. एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकन मानकानुसार छापलेले तास उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, हेही ध्यानात असू द्या.

४. साठा मोजा. ८०० एमएएचचे तीन रिचार्जेबल सेल म्हणजे ३ × १.२ × ०.८, साधारण २.९ वॉट-तास. नव्यात ३००० एमएएचचा एक १८६५० (३.६ व्होल्टचा लिथियम-आयन) सेल असेल तर तो ३.६ × ३, म्हणजे १०.८ वॉट-तासांचा, म्हणजे पावणेचारपट.

५. पाण्याचं बघा. खोक्यावर पाण्यापासूनच्या बचावाची श्रेणी असते: आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं.

पावसाळ्यात कळसूबाईच्या धुक्यात मात्र कपाळावरचा जोरदार झोत थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे दिवा कमी मोडवर, कमरेजवळ हातात धरायचा. जुना यालाही चालतो आणि राखीव म्हणूनही. सॅकमध्ये टाकताना सेल आणि पत्रीमध्ये कागदाचा तुकडा सरकवा, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी तो पेटणार नाही.