शिंगाळ्याच्या मिशांना नव्हे, काट्यांना जपा

शिंगाळा हातात घेताना बहुतेकांची नजर मिशांवर जाते. मिशा निरुपद्रवी असतात. मासा त्यांनी गाळात चाचपून खाणं शोधतो. धोका तीन काट्यांचा: एक पाठीवरच्या पराच्या पुढे आणि दोन कल्ल्यांमागे, दोन्ही बाजूंना. घाबरला की मासा हे काटे ताठ करतो आणि ते मुळाशी सांध्यात अडकून बसतात, दाबून मिटत नाहीत. कडेला करवतीसारखे दाते, वरच्या कातडीत विष. मासा मेला तरी काटा तितकाच बोचतो, म्हणून साफ करण्याआधी तिन्ही काटे पक्कडीने मुळाशी तोडा. मासा ओट्यावर ठेवून, जाड फडक्याने डोकं दाबूनच.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवा. वेदना बरीच उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, काटा खोल गेला किंवा सूज वाढली तर डॉक्टरांकडे जाच. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.