दिवाळीनंतर निघायचंय, तर घरगाडीची तयारी पोळ्यापासून

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मी घरगाडीवरची, म्हणजे आत राहण्याची सोय केलेल्या गाडीवरची, ताडपत्री काढतो. बीडमध्ये हा मुहूर्त पाळावाच लागतो. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरची कामं निघतात, मुकादम गॅरेजमध्ये ठाण मांडून बसतात आणि मिस्त्रींना जेवायला फुरसत नसते. त्या गर्दीत आपल्या घरगाडीखाली कोण शिरणार? म्हणून पोळा ते घटस्थापना हा महिना दुरुस्तीचा, नवरात्र ते दिवाळी चाचणीचा आणि दिवाळीनंतर निघायचं. यंदा औंढा नागनाथ, नांदेड, माहूर आणि मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा, असा बेत आहे. सोबत बायको आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईला रस्त्यात ताटकळत बसवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवरून माझी सगळी यादी ठरते.

गाडी २००९ची टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत दोन बिछाने, छोटा ओटा आणि ८० लिटरची पाण्याची टाकी बसवलेली. पावसाळाभर ती उभी असते, आणि गाडी चालवून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते, हे मला आता पटलंय. रबर तडकतं, डिझेलमध्ये पाणी उतरतं, ब्रेक धरून बसतात, उंदीर घर करतात. म्हणून पहिल्या दिवशी चावी फिरवायचीच नाही. आधी बोनेट उघडायचं, टॉर्च घ्यायची आणि वायरिंग हाताने चाचपत जायचं. गेल्या वर्षी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत सरकी, सुतळीचे धागे आणि फाटक्या गोधडीचा कापूस असं व्यवस्थित रचलेलं घरटं निघालं. सेल्फकडे, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीकडे, जाणारी वायर दोन बोटं लांब सोललेली होती, तांबं उघडं आणि चॅसीला टेकायला पेराचं अंतर. तशीच चावी फिरवली असती तर शॉर्ट झालं असतं. सोललेल्या वायरवर नुसती टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा बदलून घ्या.

मग टायर. नक्षी किती उरली हे सगळेच पाहतात, वय कोणी पाहत नाही. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा मजकूर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. घरगाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी राहते आणि बाजूचं रबर मात्र उन्हाने तडकतं. सहा वर्षं झाली की मी बदलतो, दुकानदार कितीही म्हणाला की अजून एक सीझन निघेल. स्टेपनीचंही वय पाहायचं. जॅक खरंच गाडी उचलतो का, टॉमीने नट सुटतात का, हे घरासमोर एकदा करून पाहायचं. हवा सकाळी टायर गार असताना मोजायची.

कूलिंगबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण गेल्या वर्षी त्यानेच घात केला. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पालीच्या पुढे घाट लागतो. गाडी भरलेली, आई मागे झोपलेली. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लालकडे सरकला आणि बोनेटमधून वाफ आली. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दीड तास बाभळीच्या सावलीत काढला. आई काही बोलली नाही, पदराने वारा घेत बसून राहिली. ते बसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बीडला परत आल्यावर मिस्त्रींनी, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, रेडिएटर उतरवून दाखवला. जाळीतल्या निम्म्या नळ्या आतून पांढऱ्या पडलेल्या, आपल्या बोअरच्या पाण्याने हंड्याला थर धरतो तसा. दोन वर्षं मी जिथे थांबू तिथे हापशाचं पाणी ओतत होतो. चूक माझीच होती.

तेव्हापासून नियम असा. रेडिएटर उतरवून साफ करून घ्यायचा आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रसायन) व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरायचं. तेच मिश्रण पाच लिटर कॅनमध्ये कायम गाडीत ठेवायचं. होस पाइप इंजिन गार असताना बोटांनी दाबायचे: मऊ लिबलिबीत लागला तरी बाद, कडक होऊन करकरला तरी बाद. वाकवून पाहिला की घडीत बारीक भेगा दिसतात, नुसत्या नजरेने त्या कळत नाहीत. क्लिपा नव्या घालायच्या. रेडिएटरच्या झाकणाचं रबर पाहायचं, कारण ते झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणून पाणी लवकर उकळत नाही. काही जण गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडपच, काढून टाकायला सांगतात. तसं करू नका. इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त जातं आणि खरं दुखणं तसंच राहतं. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, कितीही घाई असो.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल धरलेलं ऑइल घाटाच्या उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जातं. त्यामुळे दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. मागचे ड्रम उघडून लायनर पाहायचे, सिलेंडर झिरपतोय का ते पाहायचं आणि त्याच वेळी हबचं जुनं ग्रीस काढून नवं भरायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळण करतात ना, तसं मी हे काम स्वतः समोर उभं राहून करून घेतो. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची परीक्षा घरीही होते: इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पॅडल पायाखाली थोडंसं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

डिझेलचं काम छोटं आहे. पावसाळ्यात टाकी अर्धी राहिली तर आत दव धरून पाणी होतं, म्हणून फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून आधी ते पाणी काढायचं, मग फिल्टर बदलायचा. फॅन बेल्ट जुना असेल तर नवा घाला आणि जुना गाडीत ठेवा. चालू बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, इंजिन चालू असताना १४च्या आसपास.

घराच्या भागात मी गॅसला पहिला नंबर देतो. ५ किलोचा सिलेंडर पुरतो. त्याच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर अक्षर आणि साल असतं: डी-२७ म्हणजे २०२७च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये त्याची तपासणी येते. ती मुदत उलटलेला सिलेंडर घेऊ नका. नळी पाच वर्षांनी बदला आणि जोडांवर साबणाचा फेस लावून फुगे येतात का पाहा, काडी लावून कधीही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच. आमच्या सुताराने ते ठेवलं नव्हतं, मागाहून पाडून घेतलं. झोपताना रेग्युलेटर बंद, हे आई स्वतः पाहते.

पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडरचं पातळ द्रावण रात्रभर ठेवून सकाळी सोडून द्यायचं आणि दोनदा साध्या पाण्याने धुवायचं. पंपाची जाळी क्षाराने भरते, ती उघडून घासायची. प्यायचं पाणी मी टाकीतून घेत नाही, त्याचा जार वेगळा. छत गळतं का हे परतीचा पाऊसच सांगतो. मोठी सर पडून गेली की आत जाऊन प्लायवूडचे कोपरे अंगठ्याने दाबत फिरा. मऊ लागला तिथे वरून सीलंट. पडदे, गाद्यांच्या खोळी, रंग ही कामं शेवटी, पैसे उरले तर.

वजनाकडे लोक लक्ष देत नाहीत. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलो, त्यात भांडी, अंथरुणं, माणसं. सगळं भरून, माणसं बसवून, जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी न्या. आधी पूर्ण, मग नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. माझ्या गाडीत भार मागे जास्त निघाला आणि जड सामान सगळं उजवीकडे होतं, म्हणून बॅटरी डावीकडे घेतली, तेव्हा कुठे ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणं थांबलं.

कागदपत्रांचं थोडक्यात: खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आतला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडून मंजूर करून आरसीवर आणायचा. विमा कंपनीलाही कळवायचं. पीयूसीची तारीख पाहायची.

आता चाचणी. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, वीसेक किलोमीटर. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. तीन गार आणि एक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. दुसरी फेरी पूर्ण भरून, टाकीत पाणी घेऊन, त्याच मांजरसुंब्याच्या घाटात आणि तीही दुपारी. रिकामी गाडी गावात छान पळाली, याला मी चाचणी म्हणत नाही. चढताना काट्यावर नजर, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. खाली आल्यावर जळका वास येतो का, पॅडल आधीइतकंच वर आहे का ते पाहायचं.

एक फेरी अंधार पडतानाची करा, हेडलाइटसाठी. गाडी मागून भरलेली असली की दिवे वर पाहतात आणि रस्ता दिसत नाही. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री चालतात, कित्येकांना मागे साधा लाल कागदही नसतो. म्हणून प्रवासात मी सातनंतर गाडी चालवत नाही. आणि डांबर सोडून काळ्या मातीत चाक घालण्याआधी उतरून टाचेने दाबून पाहायचं. वरून सुकलेली दिसते, आत लोणी असतं.

शेवटची फेरी मुक्कामाची. कपिलधार हे देवस्थान घरापासून जवळ आहे. कार्तिकी पौर्णिमेची गर्दी सुरू व्हायच्या आधी तिथे एक रात्र राहायचं. स्वयंपाक आत, झोप आत, पंखा बॅटरीवर. बायको वही घेऊन बसते आणि जे खटकेल ते लिहिते. गेल्या खेपेला अकरा नोंदी झाल्या: भांड्यांचा खडखडाट, पंपाचा आवाज, आईला चढायला पायरी उंच. पायरीसाठी वेल्डरकडून मध्ये एक पट्टी लावून घेतली आणि दाराशी धरायला दांडी. यंदा वहीत त्याखाली नवं पान उघडलंय. घटस्थापनेला अजून बारा दिवस आहेत, रेडिएटर आज बसला, उद्या सकाळी चाचांकडे मागचे ड्रम उघडायचे आहेत.