हायब्रिड गाडीचं इंजिन ऑइल: या चुका टाळा

हायब्रिड गाड्या आता नागपूर-अमरावतीपुरत्या राहिल्या नाहीत. आमच्या पांढरकवडा-वणी पट्ट्यातही डॉक्टर, जिनिंगवाले, नवरा-बायको दोघंही मास्तर असलेली घरं ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस घेऊन येतात. गाडी वीस लाखांची आणि ऑइलबद्दलची समज जुन्या मारुती ८०० च्या काळातली. गॅरेजमध्ये तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक खुलासा. एर्टिगा किंवा ब्रेझावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असतं, ती माइल्ड हायब्रिड. त्यात छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हातभार लावते, पण गाडी चालते इंजिनावरच. मी बोलतोय ते स्ट्राँग हायब्रिडबद्दल. त्यात गाडी नुसत्या मोटरवरही पळते आणि इंजिन आपल्या मर्जीनं चालू-बंद होत राहतं. ऑइलचा सगळा घोळ या चालू-बंद होण्यातूनच सुरू होतो.

चूक पहिली: ‘इंजिन अर्धा वेळ बंद, मग ऑइल दुप्पट टिकणार’

“इंजिन तं अर्धा वेळ बंदच रायते, मंग ऑइल काहून बदलाचं?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की गाडी फाटकातून आत आली की मी आधी ऑइलचं झाकणच उघडून बघतो.

हिशोब वरवर बरोबर वाटतो. मीटरवर १०,००० किलोमीटर दिसतात, त्यातले बरेच बॅटरीवर झालेत, म्हणजे ऑइल कमी वापरलं गेलं. पण ऑइल किलोमीटरनं जेवढं खराब होतं, त्याहून जास्त अर्धवट तापण्यानं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत उतरतं. त्याच वाटेनं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. इंजिन अर्धा-पाऊण तास सलग चाललं तर ऑइल नीट तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. हायब्रिडचं इंजिन गावातल्या गावात दोन मिनिटं चालतं, थांबतं, थंड होतं, परत दोन मिनिटं चालतं. चुलीवरच्या गंजाच्या (पातेल्याच्या) झाकणीला आतून पाणी सुटतं, तसं टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला, आतून पाणी सुटत राहतं.

एका गुरुजींची गोष्ट सांगतो. घरापासून जिल्हा परिषदेची शाळा सात किलोमीटर. सकाळी जायचं, दुपारी यायचं, बाकी गाडी शेडमध्ये. वर्ष उलटून गेलं होतं, मीटर सहा हजारांच्या आत. पहिल्या फुकट सर्व्हिसनंतर ऑइलला हात लागलेला नाही, कारण “दहा हजार झाले कुठं?” पावसाळ्यात त्यांनी वॉशरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि सहज ऑइलचं झाकणही फिरवलं. आतून पिवळट पांढरा चिकट थर. घाबरून तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं झाकण बघितलं न बघितलं आणि निकाल दिला: हेड गास्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरलं, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून गुरुजींची झोप उडाली.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी आधी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघितली. पातळी जिथल्या तिथं. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवरचं ऑइल काळं होतं, पांढरं नव्हतं, आणि वास घेतला तर पेट्रोलचा. पातळी वरच्या खुणेच्याही थोडी वर. गास्केट जाऊन पाणी मिसळलं असतं तर कूलंट कमी झालं असतं आणि पट्टीवरचं सगळंच ऑइल दुधट दिसलं असतं. इथं पांढरं होतं ते फक्त झाकणाखाली, इंजिनाच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. ऑइल आणि फिल्टर बदलला, झाकण पुसलं, आणि गुरुजींना सांगितलं की दर रविवारी वहिनींना घेऊन यवतमाळला जात जा. सलग हायवेनं, नुसत्या बॅटरीवर पळवणारं ईव्हीचं बटण न दाबता. पुढच्या खेपेला झाकण कोरडं होतं.

याच गोष्टीत आणखी एक चूकही आहे. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात, “गाडी ऑइल खात नाही, उलट वाढलं!” ऑइल कधी आपोआप वाढत नसतं, बाप्पा. वाढलं म्हणजे बहुतेक वेळा त्यात पेट्रोल उतरलं. ते पातळ झालेलं ऑइल लगेच बदला.

मुदतीचं म्हणाल, तर मॅन्युअलमध्ये बहुधा १०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, असं असतं. लोक त्यातलं ‘जे आधी’ गिळतात. आणि त्याच मॅन्युअलमध्ये मागे कुठंतरी धुळीचा रस्ता, छोट्या फेऱ्या, सतत ओझं अशा कठीण वापराचं पान असतं. ते उघडून बघा, आपला अख्खा तालुका त्यात बसतो. वणी-घुग्घुसकडची कोळशाची धूळ, शेतापर्यंतचा पांदण रस्ता, कापसाच्या हंगामात जिनिंगपुढं उडणारी रुई. माझा नियम सरळ आहे: गावातल्या गावात फिरणाऱ्याला ५,००० किमी किंवा ६ महिने, रोज नागपूर-हैदराबाद हायवेवर पळणाऱ्याला मॅन्युअलची पूर्ण मुदत. हायवेवाला माझ्याकडे आला की मी त्याला लवकर ऑइल बदलायला लावत नाही, त्याचे पैसे वाया का घालवू?

चूक दुसरी: ‘आपल्या उन्हात जाड ऑइल बरं’

“भाऊ, मे महिन्यात सेहेचाळीस अंश तापते, हे पान्यावानी ऑइल टिकन काय?” टिकतं. बाहेर ४६ असो की जानेवारीतले १०, तापलेल्या इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या घरातच ठेवतो. ऑइल जगतं ते या तापमानात, चंद्रपूरच्या उन्हात नाही.

टोयोटाच्या दीड आणि दोन लिटरच्या हायब्रिड इंजिनांना ०डब्ल्यू-१६ लागतं, होंडा सिटी हायब्रिडला ०डब्ल्यू-२० (आकडे जेवढे लहान, तेवढं ऑइल पातळ). ही इंजिनं त्याच पातळ ऑइलसाठी घडवलेली आहेत. ऑइलच्या वाटा बारीक, वॉल्व्ह टायमिंग, म्हणजे वॉल्व्ह उघडायची-मिटायची वेळ, ऑइलच्या दाबावर चालणारं. शिवाय हायब्रिडमध्ये इंजिन ऐंशीच्या स्पीडला थंड अवस्थेतून एकदम चालू होऊन ओझं उचलतं, त्या क्षणी ऑइल वर पोचलेलं हवं. ४० अंश तापमानाला २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-१६ च्या चार पटींहून जाड असतं. ते वर चढेपर्यंत इंजिन कोरडं घासतं, आणि ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. मग तोच माणूस येऊन म्हणतो, हायब्रिडचं ॲव्हरेज नुसतं सांगण्यापुरतं आहे.

गावात ०डब्ल्यू-१६ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. उपाय एकच: सर्व्हिसच्या आधी नागपूर किंवा यवतमाळला गेलात की एक कॅन आणून घरी ठेवा. कॅनवर एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६बी हे ऑइलच्या दर्जाचे शिक्के बघा. ०डब्ल्यू-१६ साठी जीएफ-६ मधला ‘बी’च असतो. अगदीच अडलं तर टोयोटाच्या अनेक मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० टाकायची मुभा आहे, पण पुढच्या बदलीला परत ०डब्ल्यू-१६ वर यायचं. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं १५डब्ल्यू-४० मात्र टाकायचं नाही. ड्रम घरात आहे म्हणून गाडीत ओतायचा नसतो.

चूक तिसरी: गाडी ‘रेडी’मध्ये ठेवून चेंबरचा नट खोलणं

‘रेडी’ म्हणजे आवाज नसला तरी गाडी चालूच आहे. ही चूक गाडीमालक आणि मिस्त्री मिळून करतात. एका गावात घाईच्या पोट्ट्यानं गाडी रॅम्पवर घेतली, खाली शिरून चेंबरचा नट काढला, तसराळं लावलं. मालक आत एसी लावून बसलेला, कारण बाहेर मे महिना. गाडीचा काहीच आवाज नाही, म्हणून दोघांनाही वाटलं ती बंद आहे. हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली, तसं गाडीनं आपलं काम केलं: इंजिन चालू केलं. चेंबर रिकामं, फिल्टर निघालेला. ऑइलचा लाल दिवा लागला, मालकाला बटण सापडेपर्यंत इंजिन चालत राहिलं. पोट्ट्यानं नवं ऑइल भरलं आणि “काही होत नाही भाऊ” म्हणून गाडी दिली.

काही दिवसांनी खालून खडखड घेऊन ती माझ्याकडे आली. गाडीतला फिल्टर कापून उलगडला तर घड्यांमध्ये तांबूस चमक, बेअरिंगच्या धातूची. चेंबर उतरवलं आणि बेअरिंगचे पत्रे हातात घेतले, वरचा थर घासून गेलेला. आधी काय झालं होतं ते विचारलं, तेव्हा मालकाला तो दिवस आठवला.

माझी सवय: हायब्रिड आली की मालकाला खाली उतरवतो, पॉवर बंद करतो, डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ दिवा गेल्याची खात्री करतो आणि चाबी मालकाच्या खिशात न ठेवता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, गाडीपासून लांब ठेवतो. मग नटाला पाना लागतो. मालकाला राग आला तर चहा पाजतो. मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना कोणी हात लावायचा नाही, हेही तेव्हाच बजावून टाकतो.

बाकीच्या किरकोळ

ऑइल बदलून फिल्टर जुनाच ठेवणं: दोनशे-चारशे रुपये वाचवून नव्या ऑइलात जुनी घाण मिसळायची. नको.

नटाचा वॉशर दर वेळी नवा टाका.

पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघा. वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑइल काढावंच लागतं.

इंजिन फ्लश आणि बाटलीतली औषधं: वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला लागत नाहीत, न बदलणाऱ्याला वाचवत नाहीत.

सर्व्हिसचा दिवा रिसेट केला म्हणजे सर्व्हिस झाली नाही. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

गाडीच्या इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला देणारा डबा) कूलंटच्या टाकीत बोअरचं पाणी ओतू नका. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्यात इंजिन ऑइल जात नाही.

कापसाच्या हंगामात बॅटरीच्या हवेची जाळी बघत जा, बऱ्याच गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते. रुईनं बुजली की बॅटरी तापते. हे ऑइलचं नाही, पण दिवाळीनंतर माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हमखास दिसतं.

जळकं ऑइल बंडीच्या आखाला, गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी लावायची आपल्याकडे रीत आहे. हातानं चोपडू नका, कातडीला वाईट असतं. नाल्यात तर अजिबात ओतू नका.

आणि बिल. हायब्रिड बॅटरीवर टोयोटा-मारुतीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते, इंजिनाची वेगळी. बाहेर ऑइल बदलत असाल तर बिलावर ऑइलची ग्रेड, तारीख आणि मीटरचा आकडा तिन्ही लिहून घ्या, सोबत रिकाम्या कॅनवरच्या बॅच नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नुसतं ‘ऑइल - १’ लिहिलेली चिठ्ठी कंपनी मानत नाही.