गुरूचे चंद्र दुर्बिणीत दिसत नाहीत? या चुका टाळा

नवी दुर्बीण घेतलेल्या माणसाचा फोन साधारण तिसऱ्या दिवशी येतो. "अहो, काहीच दिसत नाही. नुसता पांढरा गोळा थरथरतोय. दुर्बीण खराब निघाली का?" मी एवढंच विचारतो, "आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, कोणतं लावलंय?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: सगळ्यात लहान आकड्याचं, आणि त्यात बार्लोही (वर्धन वाढवणारं जोडभिंग) घातलेलं.

सगळ्या चुकांत हीच मोठी, म्हणून आधी तिच्याबद्दल. ७० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसते. तिला ४ मिलिमीटरचं आयपीस आणि तीनपट बार्लो लावलं की हिशेबाने (७०० भागिले ४, गुणिले ३) वर्धन ५२५ पट होतं. कागदावर ते छान दिसतं, पण एवढ्या भिंगाला १४० पटीच्या पुढे फारसं काही झेपत नाही. चित्र मोठं होत जातं, तसं अंधुकही होत जातं. शिवाय त्या वर्धनात नजरेच्या टप्प्यात येणारा आकाशाचा तुकडा इतका लहान असतो, की गुरू मधोमध धरला तर त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी कॅलिस्टो आणि गॅनिमीड लांब गेलेले असताना कडेच्या बाहेरच राहतात. चंद्र असतात, आपणच त्यांना बाहेर ठेवलेलं असतं.

२५ मिलिमीटरचं आयपीस लावा. २८ पट पुरे. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने हे चंद्र पाहिले, ते सुमारे २० पट वर्धनाच्या दुर्बिणीतून. चंद्र टिपले की मग १० मिलिमीटरचं लावून ७० पटीवर गुरूचे पट्टे बघा. फोकस गुरूवर करू नका, त्याच्या चंद्रांवर करा. ते टाचणीच्या टोकाएवढे बारीक झाले की फोकस बरोबर बसला.

गुरू दुर्बिणीत सापडतच नसेल तर फाइंडर (दुर्बिणीवर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवलेला नाही, असं समजा. हे काम रात्री करू नका. आम्ही साताऱ्याची माणसं नशीबवान, अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर गावातून कुठूनही दिसतो. सूर्य पाठीमागे असेल अशा वेळी टॉवरचं टोक आयपीसच्या मध्यावर आणा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर बसवा. सूर्य त्या बाजूला असेल तर दुर्बिणीला हातही लावू नका. क्षणभर नजर गेली तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

गच्चीची गंमत आणि त्रास

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. ती हवा वर चढताना चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. मी पहिल्या हिवाळ्यात याच कारणाने दुर्बिणीला बोल लावत होतो. आता मी दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवतो, गुरू चांगला वर येईपर्यंत थांबतो आणि शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून तो बघायचं टाळतो. गळीत हंगामात उसाचं पाचट पेटवलं की आकाश करडं होतं. अशा रात्री गुरू दिसतो, पण चंद्र फिके पडतात. उपाय एकच: दुसऱ्या रात्री बघा.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या दांड्याला पाण्याची बाटली भरलेली पिशवी टांगली की थरथर बरीच कमी होते. मुलांना गच्चीवर पळू देऊ नका, हे सांगायला वाईट वाटतं, पण सांगावंच लागतं. आणि पृथ्वी फिरते, म्हणून गुरू सरकत राहतो. ७० पटीला तो मध्यावरून दीडेक मिनिटात कडेला जातो. रांग असेल तर दर माणसामागे तो पुन्हा मध्यावर आणा.

चौथा कुठे गेला?

तीनच ठिपके दिसले की लोकांना वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते, चौथा त्याने १३ जानेवारीला ओळखला. एखादा चंद्र गुरूच्या पुढून जात असतो, एखादा मागे असतो आणि एखादा गुरूच्या सावलीत असतो. सावलीचा प्रकार मला सर्वांत आवडतो. प्रतियुतीनंतरच्या, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधे येऊन गेल्यानंतरच्या, महिन्यांत सावली पूर्वेकडे पडते, त्यामुळे ग्रहणातून बाहेर पडणारा चंद्र गुरूच्या कडेपासून दूर, मोकळ्या काळोखात उजळत जातो. शेजारची सहावीतली मुलगी हे बघत होती तेव्हा ओरडली, "काका, आत्ता इथे काहीच नव्हतं!" आयो या चंद्राच्या अशाच ग्रहणांच्या वेळा मागे-पुढे होतात हे पाहून डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, हे ओळखलं.

कोणता चंद्र कुठे आहे हे दाखवणाऱ्या नकाशावरून चंद्र ओळखताना तो उलटा वाटला तर घाबरू नका. डायगोनल (आयपीसआधीचा तिरका आरसा) लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं, न्यूटनीय म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं होतं. नकाशातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. हे विसरल्यामुळे आयो चुकीच्या जागी शोधणारे खूप भेटतात, कारण तो साडेपाच तासांत बराच सरकलेला असतो. गुरूच्या पट्ट्यांच्या रेषेपासून भलताच दूर असलेला ठिपका बहुधा मागचा तारा असतो. आणि संध्याकाळी पश्चिमेला लखलखणारा तो शुक्र असेल तर कितीही शोधा, त्याला चंद्र नाहीत.

रोज एक चित्र काढा: मध्ये गोल, बाजूला ठिपके, तारीख आणि वेळ. आयोची फेरी ४२ तासांची, म्हणून आज एका बाजूला दूर असलेला आयो उद्या त्याच वेळी बहुतेक दुसऱ्या बाजूला असतो. कॅलिस्टोला जवळपास १७ दिवस लागतात, त्याच्यासाठी वही जपून ठेवा.

गुरू पश्चिमेला यवतेश्वराच्या डोंगराकडे कलला की ठिपके पुन्हा थरथरू लागतात, तेव्हा थांबा. भिंगावर दव असेल तर रुमालाने पुसू नका आणि ओल्या भिंगावर झाकण लावू नका. दुर्बीण घरात आणून आडवी ठेवा, भिंग आपोआप सुकलं की मगच झाकण बसवा.