साबुदाण्याच्या खिचडीतून जगाच्या नकाशाकडे : सातवीच्या एका प्रकल्पाचे नियोजन

तालुक्याच्या गावातील एका शाळेत मी इयत्ता सातवीला इतिहास आणि भूगोल शिकवते. जगातील संस्कृती आणि तेथील खाणेपिणे हा विषय घेऊन, तंत्रज्ञानाच्या मदतीने करायचा वर्गप्रकल्प मी आजवर तीन वेळा घेतला आहे. पहिल्या वर्षी तो साफ फसला आणि पुढच्या दोन वर्षांत तो हळूहळू रुळावर आला. नुकतेच डी.एल.एड. किंवा बी.एड. करून वर्गावर उभे राहिलेले शिक्षक असा प्रकल्प हाती घेतात, तेव्हा त्यांची सुरुवात बहुधा माझ्या पहिल्या वर्षासारखीच होते, असे मी पाहिले आहे; म्हणून माझे नियोजन कसे बदलत गेले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मी बेचाळीस मुलांचे आठ गट केले, प्रत्येक गटाला एक देश दिला आणि नेटवरून माहिती शोधून स्लाइड तयार करायला सांगितले. दोन आठवड्यांनी आठही गटांच्या स्लाइड एकाच साच्यातून काढल्यासारख्या समोर आल्या : ध्वज, राजधानी, चलन, प्रसिद्ध पदार्थ आणि त्याचे चकचकीत छायाचित्र. जपानच्या गटातील एका मुलाला मी विचारले, की सुशीचा भात हाताने वळता येईल इतका चिकट कसा होतो? त्याने माझ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले आणि स्लाइडवरची तीच दोन वाक्ये पुन्हा वाचून दाखवली. दोष त्याचा नव्हता. जो पदार्थ त्याने पाहिला नाही, चाखला नाही, ज्याच्याविषयी त्याच्या मनात एकही प्रश्न नाही, त्याची माहिती गोळा करायला मी त्याला पाठवले होते; आणि प्रश्न नसलेल्या मुलाच्या हाती नेट दिले तर तो उतरवून काढण्यापलीकडे काय करणार?

दुसऱ्या वर्षी मी देश वाटण्याचे सोडून दिले आणि एकच पदार्थ घेतला, तोही आमच्याच गावातला. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि थोड्याच दिवसांत आषाढी एकादशी येते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'साबुदाण्याची खिचडी' एवढेच लिहिले आणि तिच्यात काय काय पडते ते मुलांना सांगायला लावले. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाटा, जिरे, तूप, मीठ, चिमूटभर साखर. मग विचारले, की यांपैकी कोणते जिन्नस पाचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या गावात मिळाले असते? मुलांनी एकमुखाने सांगितले की सगळेच. उपवासाचा पदार्थ म्हणजे जुनाच असणार. तो तास मी तेथेच थांबवला आणि उत्तर सांगितले नाही. माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

खरी हकिकत अशी आहे की खिचडीचे बहुतेक मुख्य जिन्नस अमेरिका खंडांतून आलेले आहेत. बटाटा अँडीज पर्वतातला, पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरील तितिकाका सरोवराच्या परिसरातला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची, आणि आज आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेतलाच. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल इ. स. १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला पोहोचला; दहा वर्षांनी, १५१० मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. ही तीन-चार वाक्ये पाठ्यपुस्तकात आली की मुले पाठ करतात. ती त्यांच्या हातून शोधली गेली तर मात्र सातवीतली मुले घरी जाऊन आजीशी वाद घालतात.

तंत्रज्ञानाचा विचार मी यानंतर केला, आणि नव्या शिक्षकांनी हा क्रम सोडू नये असे मला मनापासून वाटते. कोणते ॲप वापरू, असे विचारत जे नियोजनाला बसतात त्यांचा प्रकल्प त्या ॲपपुरताच उरतो. आमच्याकडे साधने मोजकीच होती : वर्गातील एक स्मार्ट टीव्ही, संगणक कक्षातील दोन चालू लॅपटॉप आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. सातवीतील पुष्कळ मुले तेरा वर्षांच्या आतली असल्याने त्यांना स्वतःचे गूगल खाते काढायला लावणे योग्य नव्हते. म्हणून शाळेच्या एका खात्यावर सर्व काम ठेवले आणि गट आळीपाळीने लॅपटॉपवर बसले. मराठी विकिपीडिया नेटशिवायही वाचता यावा म्हणून किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन तो आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवला. पावसाळ्यात रेंज गेली म्हणून तासिका वाया गेली, असे त्यामुळे एकदाही झाले नाही.

सर्वांत उपयोगी ठरली ती एक साधी स्प्रेडशीट. तिच्यात सहा रकाने होते : जिन्नस, मूळ प्रदेश, येथे येण्याचा मार्ग, आपल्या भागात कधीपासून, माहिती कोठून मिळाली आणि शेवटी खात्री. शेवटच्या रकान्यात 'पक्की' किंवा 'अर्धवट' यांपैकी एकच शब्द लिहायचा, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय 'पक्की' लिहायचे नाही, असा नियम होता. चॅटबॉटला विचारलेले उत्तर एक ठिकाण म्हणूनही धरायचे नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवले. त्याने सुचवलेले नाव किंवा साल दुसरीकडे सापडले तरच ते शीटमध्ये येई.

या रकान्यांचा कस लागला तो साबुदाण्यावर. एका गटाला मिळाले की साबुदाणा आग्नेय आशियातील एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून करतात. दुसऱ्या गटाला मिळाले की तो दक्षिण अमेरिकेतल्या कंदापासून होतो. दोन्ही गट एकमेकांना खोटे ठरवू लागले. मी मध्ये पडले नाही. दोन तासिकांनंतर त्यांनीच गुंता सोडवला : 'साबु' हा शब्द मलय भाषेतील 'सागु'वरून आला आहे आणि सागु हे खरोखरच त्या झाडाच्या पिठाचे नाव आहे, पण भारतातला साबुदाणा प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. म्हणजे नाव एका दिशेने आले आणि कंद दुसऱ्या दिशेने. केरळातील टॅपिओकाविषयी शोधताना एका मुलीला त्रावणकोरचे विशाखम तिरुनाळ महाराज सापडले, ज्यांनी १८८० च्या दशकात या कंदाच्या लागवडीला उत्तेजन दिले होते. ती ओळ शीटमध्ये भरताना तिने स्रोताच्या रकान्यात तीन नावे लिहिली आणि मगच 'पक्की' असे लिहिले.

नकाशासाठी गूगल अर्थ वापरले. त्यातील मोजपट्टीने प्रत्येक गटाने आपल्या जिन्नसाचा प्रवास रेघेने दाखवायचा होता. मिरचीच्या गटातील मुलाने लिस्बनहून निघालेली रेघ भूमध्य समुद्रातून, सुवेझमधून, अरबी समुद्रात आणि थेट गोव्याला आणली. सर्वांत जवळचा रस्ता तोच होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण सुवेझ कालवा १८६९ चा आहे." वर्ग क्षणभर गप्प झाला. मग त्या मुलाने रेघ पुसली आणि आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून ती पुन्हा काढली. दोन रेघांच्या अंतरांमधला फरक पाहून तो कितीतरी वेळ तेथेच बसून राहिला. भूगोलाच्या तासाला जे मी दोन वर्षे तक्त्यावर शिकवत होते, ते त्या वळशाने एका झटक्यात शिकवले.

सगळ्या रेघा आपल्याकडे येणाऱ्याच नसतात, हेही मुलांना दिसले पाहिजे. आमच्या पंचक्रोशीत सगळीकडे ऊस आहे, म्हणून साखरेची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. पण रसापासून खडे पाडण्याची विद्या भारतात वाढली आणि संस्कृत 'शर्करा' फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' होत युरोपातल्या भाषांत पोहोचली. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावातील मुलांना ही रेघ स्वतःच्या गावातून बाहेर जाताना पाहायला मिळाली.

"मग पूर्वी एकादशीला काय खायचे?" हा प्रश्न मी नियोजनात धरलाच नव्हता, तो एका मुलाने विचारला. त्यासाठी मुलांनी घरच्या आजी-आजोबांच्या मुलाखती मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि मराठी व्हॉइस टायपिंगने त्या उतरवून काढल्या. एका आजीने सांगितले होते, "आमच्या वक्ताला कुठला आलाय साबुदाणा? वरी नायतर रताळी उकडून खायाची." मोबाइलने 'वक्ताला'चे 'वक्त्याला' केले आणि 'खायाची'चे 'खायची'. तिच्या नातवाने शब्द न् शब्द परत आजीच्या तोंडचा केला, कारण, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आजी असे बोलतच नाही. पुढे शोधताना मुलांना कळले की रताळेही अमेरिकेतले आणि राजगिराही तिकडचाच. वरी आणि शिंगाडा मात्र आशियातले. मुलाखतीपूर्वी आजी-आजोबांची परवानगी घेणे, ध्वनिमुद्रण शाळेबाहेर न जाऊ देणे, मुलांचे चेहरे किंवा नावे असलेले काहीही पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोठेही न टाकणे, ही पथ्ये सुरुवातीलाच पाळा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो.

येथे एक गोष्ट फार काळजीने सांगायची आहे. खाण्याचा विषय वर्गात आला की त्याच्याबरोबर घरची परिस्थिती, जात आणि धर्म हे सारे येते. 'काल रात्री घरी काय जेवलात?' हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता. एका मुलाने मान खाली घातली ती तासभर वर केली नाही. तो प्रश्न मी पुन्हा कधीही विचारला नाही. आता विचारते ते असे : 'घरात वर्षभर डब्यात भरून ठेवलेली एक वस्तू सांगा.' ज्वारी, डाळ, मीठ, तिखट, सुकट, खजूर, काहीही येते आणि कोणालाही काही लपवावे लागत नाही. खिचडी सर्वांच्या घरी होत नाही हेही लक्षात ठेवावे लागते. तिसऱ्या वर्षी दोन गटांनी रमजानच्या इफ्तारीतले पदार्थ घेतले आणि त्यांची शीट खिचडीच्या शीटपेक्षा मोठी झाली.

दूरच्या माणसांशी प्रत्यक्ष बोलणे हा या प्रकल्पाचा कळस असतो आणि त्यासाठी मोठी व्यवस्था लागत नाही. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहतो. तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तासांनी मागे असते. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, म्हणून आमचे शनिवारचे साडेआठ आणि त्याचे शुक्रवारचे रात्रीचे नऊ, अशी गाठ जमली. वेळेचे हे गणित मुलांनाच करू द्यावे. तारीख कशी बदलते हे त्यांना पुस्तकापेक्षा येथे लवकर उमगते.

त्याने फोन घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात नेला. कोपऱ्यात तीन पायांचा दगड दिसताच अर्धा वर्ग ओरडला, "पाटा!" तेथे त्याला मेताते म्हणतात. बाईंनी मक्याच्या पिठाचा गोळा दाबून टॉर्टिया केली आणि तव्यावर टाकली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "वरून पाणी नाही लावत?" भाकरी तव्यावर पडली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, हे तिच्या हाताला ठाऊक होते. प्रश्न स्पॅनिशमध्ये गेला, उत्तर मराठीत आले : पाणी लावत नाहीत, पण मका दळण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. पुढच्या तासाला मुलांनी त्याचे कारण शोधले. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत मागेच राहिली आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या उत्तर इटलीतील गरिबांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. पदार्थ प्रवास करतो तेव्हा त्याच्याबरोबरचे ज्ञान प्रवास करतेच असे नाही, हे मला मुलांपर्यंत पोहोचवायचे होते. ते एका भाकरी करणाऱ्या मुलीच्या प्रश्नातून आले.

त्याच संभाषणात शेंगदाण्याला तेथे काकाउआते म्हणतात असे कळले. नाहुआत्ल या तेथील जुन्या भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ 'जमिनीतला काकाओ', म्हणजे जमिनीतले कोकोचे बी. फळ्यावर मी त्याच्या शेजारी 'भुईमूग' असे लिहिले, आणि काही सांगण्याआधीच मुलांच्या लक्षात आले.

उरलेल्या बाबी थोडक्यात. आषाढीपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत साधारण सात आठवडे मिळतात. आठवड्याला दोन तासिका पुरतात, पण त्या मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात आधीच लावून घ्याव्यात. शेवटी पदार्थ करायचा असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे पालकांना लेखी विचारावे आणि शेगडीजवळ मोठ्या माणसानेच उभे राहावे. आकारिक मूल्यमापनात मी स्लाइडच्या देखणेपणाला गुण देत नाही. प्रत्येक मूल शीटमधील एक ओळ निवडते आणि ती खरी कशावरून हे दोन मिनिटांत वर्गाला सांगते. वर्ग प्रश्न विचारतो. लिहिण्यात मागे असलेली काही मुले या दोन मिनिटांत पहिल्या रांगेत येतात.

मार्चमध्ये ती शीट मी पुसत नाही. 'अर्धवट' असे लिहिलेल्या ओळी, त्या लिहिणाऱ्या गटाच्या सहीसह, जूनमध्ये नव्या सातवीच्या फळ्यावर सर्वांत आधी उतरतात.