यूएईत नवीन आहात आणि वाळवंटात गाडी घालायचीय? सेकंडहँड फोर-बाय-फोर अशी निवडा

दुबई-शारजात नव्याने आलेला मराठी माणूस गाडीबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा आणि दुसरा रिसेलचा. ऑफिसला जायच्या गाडीसाठी दोन्ही रास्त आहेत. वाळूत न्यायच्या गाडीला मात्र आधी दोनच गोष्टी विचारा: लो-रेंज गिअर (वेग कमी, पण चाकांना जोर जास्त देणारा) आहे का, आणि ही गाडी गरम होते का? ॲव्हरेज विसरा, वाळूत पेट्रोल रस्त्याच्या दुप्पट सहज जातं.

आधी कागदाचं उरकून घेऊ. भारतीय लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावी लागते. गाडी नावावर करायला रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी लागतो. हे दोन्ही हातात येईपर्यंत गाड्या फक्त बघा, बयाणा देऊ नका.

आता लो-रेंज का हवा ते. वाळू चाकाला सतत मागे ओढते. गाडी ताशी २०-३० किलोमीटरने चाललेली असते, पण इंजिन ३००० ते ४००० आरपीएमवर ओरडत असतं. रेडिएटरला वारा जवळजवळ नाही, बाहेर ३५-४० अंश, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल घुसळून घुसळून तापतंय. डस्टर, एक्स-ट्रेल, आरएव्ही-फोर यांसारख्या गाड्यांवर ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ लिहिलेलं असतं, पण एका धुरीला ताकद पोचवणारा त्यांचा क्लच अशा कामासाठी बनवलेला नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो तापतो, कॉम्प्युटर त्याला सोडवतो, आणि ऐन चढावर तुमच्याकडे दोनच चाकं उरतात. आपल्याकडे एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या याच जातीच्या, त्यामुळे नावावर जाऊ नका. गिअर लिव्हरशेजारी दुसरा लिव्हर किंवा नॉब शोधा, त्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) आणि फोर-एल (तेच, पण लो-रेंजमध्ये) अशा दोन्ही खुणा हव्यात. जमिनीपासूनची उंची २० सेंटीमीटरच्या वर हवी. पुढचा बंपर जितका आखूड आणि वर उचललेला, तितका बरा. गिअर ऑटोमॅटिकच घ्या. मॅन्युअल गाडीचा क्लच नवशिक्याच्या पायाखाली एका सकाळीतही जळू शकतो.

नवशिक्यासाठी बाजारातल्या बऱ्या गाड्या मोजक्याच आहेत.

निसान एक्सटेरा, ४.० लिटर व्ही-सिक्स: कमी पैशांत भरपूर ताकद, साधा यांत्रिक फोर-बाय-फोर, मजबूत चॅसी. पण २०१० पर्यंतच्या मॉडेलांत एक कुप्रसिद्ध दुखणं आहे. गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात आणि गिअरबॉक्स कायमचा जातो. इंजिन थंड असताना कूलंटची टाकी उघडून पाहा. आत सोलकढीच्या रंगाचं काही दिसलं तर नमस्कार करून निघा. रेडिएटर बदलल्याची किंवा तेलासाठी बाहेर वेगळा कूलर बसवल्याची पावती असेल तर ती गाडी इतरांपेक्षा वरची समजा. याच इंजिनात टायमिंग चेनचे टेन्शनर झिजतात. सुरू केल्यावर पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर तो खर्च भावातून वजा करा.

मित्सुबिशी पजेरो: आमच्या मते पहिली गाडी म्हणून हीच सगळ्यात शहाणी निवड, कारण तीच गाडी सोमवारी मुलांना शाळेत सोडायलाही आरामशीर आहे. ३.० लिटरचं इंजिन उंच चढावर धापा टाकतं, ३.५ किंवा ३.८ बघा. सुपर सिलेक्ट ही मित्सुबिशीची फोर-बाय-फोर यंत्रणा असलेल्या पजेरोत साधा फोर-एच डांबरी रस्त्यावरही चालतो, हा मोठा फायदा. या व्ही-सिक्स इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे. तो साधारण ९० हजार ते एक लाख किलोमीटरला बदलावा लागतो, आणि ‘बदललाय’ या शब्दाला पावतीशिवाय किंमत नाही. पुढचा बंपर खाली उतरलेला असतो, तो पहिल्या महिन्यात तुटणार हे धरून चाला.

टोयोटा एफजे क्रूझर, फोर-लिटर प्राडो आणि फोर-लिटर फॉर्च्युनर टिकाऊ आहेत, भावही तसेच चढे. २.७ लिटरची प्राडो किंवा फॉर्च्युनर रस्त्यावर ठीक, वाळूत कमी पडते. एफजे घेताना बोनेट उघडून पुढच्या चाकांच्या वरचा आतला पत्रा दोन्ही बाजूंनी नीट पाहा. सुरुवातीच्या वर्षांतल्या ज्या गाड्या खूप उडवल्या गेल्या, त्यांचा पत्रा तिथे फुगलेला किंवा चिरलेला असतो. जीप रँग्लर घ्यायची तर २०१२ किंवा त्यानंतरची, ३.६ लिटरची. आधीचं ३.८ इंजिन अशक्त आहे आणि तेलही पितं.

जुनी निसान पेट्रोल, म्हणजे वाय-६१, वाळवंटाची खरी राणी. पण बाजारात येणाऱ्या कित्येक पेट्रोल टर्बो बसवून पिळून काढलेल्या असतात. ‘इतका खर्च केलाय, तुम्हाला स्वस्तात देतो’ असं कानावर आलं की समजा, दुसऱ्याचं खेळणं खेळून झालंय. एकूणच मूळ स्थितीतली, गाडी उंच करणारं लिफ्ट किट नसलेली, कंटाळवाणी दिसणारी गाडी शोधा. मंजुरी नसलेले बदल वार्षिक पासिंगला अडकतात, ते वेगळंच.

गाडी जीसीसी स्पेकचीच घ्या. आखातासाठी बनलेल्या गाड्यांची रेडिएटर आणि एसीची व्यवस्था इथल्या उन्हाला धरून केलेली असते. अमेरिकेतून आलेल्या स्वस्त गाड्यांत अपघातात बाद ठरवून पुन्हा उभ्या केलेल्या पुष्कळ असतात. चॅसी नंबरवरून इथली अपघातांची नोंद एमिरेट्स व्हेइकल गेटवर तपासता येते, अमेरिकन गाडीची कारफॅक्सवर. शिवाय १६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबई-शारजात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहा. सीटखालच्या बोल्टांचा गंज आणि वायरींच्या कनेक्टरमधला हिरवट थर हेही तेच सांगतात.

गाड्या बघायला दुबईत रास अल खोरचा अल अवीर बाजार, शारजात सूक अल हराज, आणि ऑनलाइन डुबिझल. थेट मालकाकडून मिळाली तर सर्वात बरं, कारण त्याला प्रश्न विचारता येतात. सकाळी जा आणि इंजिन थंडच ठेवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर काहीतरी लपवायचं असण्याची शक्यता धरा.

मग गाडीखाली शिरा, कपडे मळतील तर मळू द्या. वाळूत हलक्या हाताने फिरलेली गाडी वाईट नसते, आपटलेली गाडी वाईट असते, आणि या दोन्हींतला फरक खालूनच कळतो. स्किड प्लेटवर, म्हणजे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर, लांबट ओरखडे चालतील. खोल पोचा, चॅसीच्या आडव्या पट्टीला बाक, वेल्डिंगचे ताजे डाग किंवा एकाच जागी मारलेला नवा काळा रंग चालणार नाही. पुढच्या चाकांमागचे कंट्रोल आर्म डाव्या-उजव्या बाजूला सारखे दिसतात का? शॉकॲब्सॉर्बरवर तेल उतरलंय का? चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत वाळू गेलीच, म्हणजे जॉइंट संपत आला. रेडिएटर धरणारी पुढची पट्टी वाकलेली असेल तर गाडी टेकडीवरून नाकावर उतरलेली आहे. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या अलीकडे वाळू असणारच, पण पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या नळीत बोट फिरवून कण लागले तर ते सिलिंडरमध्येही गेलेत.

किलोमीटरच्या आकड्याला फार भुलू नका. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली २ लाखांची गाडी एकही पावती नसलेल्या ९० हजारांच्या गाडीपेक्षा बरी.

चालवून बघताना एसी पूर्ण लावा, रहदारीत फिरवा, मग उभी करून वीस मिनिटं तशीच चालू ठेवा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मध्यावर चिकटून राहतो आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरच्या ओबीडी पोर्टला लागणारा छोटा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि फोनवर कूलंटचं खरं तापमान पाहा. ९० ते १०० अंश ठीक, उभ्या गाडीत ते १०५ च्या पुढे चढत राहिलं तर सोडा. हाच डोंगल पुढे वाळूतही कामाला येईल: कूलंट ११० किंवा गिअरबॉक्सचं तेल १२० अंशांवर गेलं की थांबायचं, नाक वाऱ्याकडे करून, इंजिन चालू ठेवून.

फोर-बाय-फोर खडी किंवा वाळूच्या सपाट तुकड्यावर तपासा, डांबरावर नाही. साध्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरताच फोर-बाय-फोर लावायच्या, गाडीत डांबरावर वळताना पुढच्या-मागच्या धुऱ्या एकमेकींशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर, ताण येतो. फोर-एचचा दिवा लागून स्थिर राहिला पाहिजे. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर-एल लावा. दिवा लुकलुकत राहिला तर बहुधा ॲक्च्युएटर किंवा सेन्सर बिघडलाय. वर्षानुवर्षं कुणी फोर-एल लावलेलाच नसतो, त्यामुळे हे दुखणं फार दिसतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण आहे का आणि चालतं का, हेही पाहा. ते बंद झालं नाही तर चढावर ऐन वेळी कॉम्प्युटर ताकद कापतो.

सगळं पटलं तरी अल कूझ किंवा शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या, विक्रेत्याच्या ओळखीच्या नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. आरटीएचं, म्हणजे दुबईच्या वाहतूक खात्याचं, पासिंग झालं म्हणजे गाडी चांगली, असं नाही. ती रस्त्यावरच्या सुरक्षिततेची परीक्षा आहे, गिअरबॉक्सचं आयुष्य ती सांगत नाही.

नाव बदलताना विक्रेत्याचे दंड आणि बँकेचं कर्ज दोन्ही फेडलेलं असावं लागतं, आणि विमा आधी तुमच्या नावाचा. पॉलिसीत ऑफ-रोड कव्हर शब्दांत लिहिलेलं आहे का ते वाचा, एजंटच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका. जुन्या गाडीला बऱ्याचदा फक्त थर्ड पार्टीच मिळतो. मग वाळूतलं सगळं नुकसान तुमच्या खिशातून.

ठरवलेल्या पैशांपैकी निदान पाचवा हिस्सा खरेदीनंतरसाठी राखा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरेन्शियल, कूलंट, ब्रेक, सगळी तेलं-द्रवं पहिल्याच आठवड्यात बदला. रेडिएटरचे होज आणि फॅन बेल्टही. बॅटरी इथल्या उन्हात दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच टिकते.

टायरवर मात्र हात आखडू नका. १६ किंवा १७ इंची रिम आणि उंच भिंतीचा टायर, उदाहरणार्थ २६५/७० आर १६, उत्तम. २० इंची रिमवर हवा कमी करायला टायरला भिंतच उरत नाही. सह्याद्रीतल्या चिखलाची सवय असलेले लोक हौसेने मड-टेरेन टायर घालतात. त्यांचे खोल दात मऊ वाळू उपसून चाक खाली नेतात. इथे ऑल-टेरेन घ्या. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर पासिंगला चालत नाही, आणि स्टेपनीचा टायर हमखास जुना निघतो.

वाळूत शिरताना हवा १२ ते १५ पीएसआय. हवा उतरली की टायर लांबीला पसरतो आणि वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. रुतल्यावर १० पर्यंत उतरा, पण त्याखाली जाऊन जोरात वळलात तर टायर रिममधून निसटतो. डांबरावर परतायच्या आधी हवा पुन्हा भरायचीच, कारण तशा टायरने ताशी १०० ने जाणं म्हणजे टायर फुटण्याला आमंत्रण. म्हणून बॅटरीला थेट जोडायचा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप चार मोठे टायर भरता भरता फ्यूज उडवतो. सोबत प्रेशर गेज, फावडं, हातमोजे, लवचिक रिकव्हरी रोप, रोप हुकला जोडायच्या दोन प्रमाणित शॅकल (लोखंडी कड्या), जॅकखाली ठेवायची फळी, उंच झेंडा, अग्निशामक आणि माणशी पाच लिटर पाणी.

रोप बांधायला गाडीला पुढे-मागे चॅसीला बोल्ट केलेले हुक हवेत. हे गाडी घेतानाच पाहा. जहाजात गाडी बांधण्यासाठी दिलेली पातळ कडी म्हणजे रिकव्हरी हुक नव्हे, आणि ट्रेलरच्या गोळ्याला रोप कधीही अडकवू नये. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो आणि माणूस मारतो.

पहिल्या फेऱ्या ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, सकाळी लवकर, किमान तीन गाड्यांनी, अनुभवी माणसाच्या मागे. हत्ता रस्त्यावरचा बिग रेड पहिल्या दिवशी नको, सुट्टीच्या संध्याकाळी तर मुळीच नको, तिथे टेकडीच्या पलीकडून कोण उडत येईल सांगता येत नाही. शारजातल्या फाया भागाच्या कडेच्या बुटक्या टेकड्या शिकायला पुरतात. कुंपण आणि राखीव क्षेत्राच्या पाट्या पाळा, अल मरमूम हे संरक्षित क्षेत्र आहे. सबखा, म्हणजे वरून कोरडी दिसणारी खारट दलदल, टाळा. गाडी गेलीच तिच्यात तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर इतक्या मेहनतीने शोधलेली ती न गंजलेली चॅसी दोन हंगामांत गंजेल.